हौशी रेडिओ परवान्यातील मोर्स संकेताची अट : एका वादाचा ऐतिहासिक अभ्यास (१९१२ ते २००७)

प्रस्तावना

दळणवळणाच्या इतिहासात तारयंत्र, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांचा विचार प्रामुख्याने शासनसंस्था, उद्योगसमूह आणि श्रोतृवर्ग यांच्या अंगाने केला जातो. या तिन्ही घटकांच्या बाहेर राहून केवळ आवडीपोटी रेडिओ तंत्राचा अभ्यास व वापर करणारा एक वर्ग विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगभर कार्यरत आहे. या वर्गास 'हौशी रेडिओचालक' किंवा प्रचलित शब्दात 'हॅम' म्हटले जाते. हौशी रेडिओचालक स्वतःच्या केंद्रावरून संदेश पाठवितो व ग्रहण करतो. मात्र या कामासाठी त्यास मोबदला घेता येत नाही आणि शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेतल्याशिवाय त्यास प्रक्षेपण करता येत नाही.

या परीक्षेचा एक अनिवार्य भाग अनेक दशके मोर्स संकेताचा होता. बिंदू आणि रेघ यांच्या साहाय्याने अक्षरे व्यक्त करणाऱ्या या संकेतात ठराविक वेगाने संदेश पाठविता व कानाने ऐकून उतरविता येणे आवश्यक मानले जाई. ही अट ठेवावी की काढून टाकावी, या प्रश्नावर हौशी रेडिओचालकांमध्ये चार दशकांहून अधिक काळ तीव्र मतभेद राहिले. अमेरिकेत हा वाद सर्वाधिक गाजला आणि तेथेच तो २००७ मध्ये कायदेशीरदृष्ट्या संपुष्टात आला.

वरवर पाहता हा एका छंदातील अंतर्गत वाद वाटतो. तथापि परीक्षा कशासाठी घ्यावयाची, तिने ज्ञान मोजावयाचे की निष्ठा, आणि एखाद्या समूहात प्रवेश देण्याचा निकष कोणी ठरवावयाचा, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. म्हणूनच सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तो अभ्यासनीय ठरतो.

उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) मोर्स संकेताच्या अटीचा उगम व तिचे आंतरराष्ट्रीय नियमन स्पष्ट करणे, (२) अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांमधील मतभेदांचे स्वरूप व टप्पे मांडणे, (३) भारतीय नियमनाच्या संदर्भात या वादाचा विचार करणे. विवेचनाचा भर अमेरिकेवर आहे. इतर देशांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

अटीचा उगम : सार्वजनिक सुरक्षितता

सॅम्युअल मोर्स यांच्या तारयंत्राद्वारे २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर असा जाहीर संदेश पाठविण्यात आला. पुढे मार्कोनी यांनी बिनतारी संदेशवहन व्यवहारात आणले, तेव्हा त्या काळच्या प्रक्षेपकांना मानवी आवाज वाहून नेणे शक्य नव्हते. लहर सुरू करणे आणि बंद करणे एवढेच त्यांना जमत असल्याने बिनतारी यंत्रणेने तारयंत्राचीच भाषा स्वीकारली. मोर्स संकेत ही त्यामुळे निवडलेली पद्धत नव्हती. ती एकमेव उपलब्ध पद्धत होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत अनेक तरुणांनी घरगुती साहित्यातून प्रक्षेपक तयार केले. त्यांच्यावर कोणतेही नियंत्रण नव्हते. नौदलाच्या व जहाजांच्या संदेशांमध्ये हे तरुण व्यत्यय आणतात, अशी तक्रार वारंवार होत असे. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाले. त्यानंतर बिनतारी संदेशवहनास शिस्त लावण्याची मागणी प्रबळ झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत रेडिओ कायदा संमत झाला. या कायद्याने प्रक्षेपणासाठी परवाना आवश्यक ठरविला आणि हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीच्या लहरींपुरते मर्यादित केले. या लहरी त्या वेळी दूर अंतराच्या संदेशवहनास निरुपयोगी समजल्या जात.

परवान्यासाठी मोर्स संकेताची चाचणी घेण्यामागे साधे व समर्थनीय कारण होते. जहाजाचा संकटसंदेश हौशी चालकास ओळखता यावा आणि सरकारी केंद्राने 'प्रक्षेपण थांबवा' असे कळविल्यास ते त्यास समजावे, एवढीच अपेक्षा होती. म्हणजेच ही अट रस्त्यावरील चिन्हांचा अर्थ वाहनचालकास माहीत असावा, या स्वरूपाची होती. तिच्यामागे गुणवत्तेची प्रतवारी करण्याचा हेतू नव्हता.

१९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्झिम यांच्या पुढाकाराने अमेरिकन रेडिओ रिले लीग (यापुढे 'लीग') स्थापन झाली आणि हौशी चालकांना संघटित स्वरूप आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतील व फ्रान्समधील हौशी चालकांनी सुमारे ११० मीटर तरंगलांबीवर अटलांटिक महासागराच्या आरपार दुहेरी संपर्क साधला. निरुपयोगी ठरविलेल्या लहरींचे सामर्थ्य या प्रयोगांनी सिद्ध केले. हे सर्व प्रयोग मोर्स संकेतातच झाले होते. हौशी रेडिओच्या समूहस्मृतीत मोर्स संकेतास जे मानाचे स्थान लाभले, त्याचे मूळ या काळात आहे.

आंतरराष्ट्रीय नियमन

रेडिओ लहरी देशांच्या सीमा जाणत नाहीत. त्यामुळे हौशी सेवेचे नियमन आंतरराष्ट्रीय पातळीवर होणे अपरिहार्य होते. १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हौशी सेवेस स्वतंत्र वारंवारतापट्टे दिले. त्याचबरोबर चालकास मोर्स संकेतात संदेश पाठविता व कानाने ग्रहण करता येतो, याची खात्री करून घेण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर घातले. येथून पुढे ही अट कोणत्याही एका देशाच्या इच्छेवर अवलंबून राहिली नाही.

हे बंधन टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेले. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेने १००० मेगाहर्ट्झच्या वरील वारंवारतांसाठी, १९५९ च्या जिनिव्हा परिषदेने १४४ मेगाहर्ट्झच्या वर, तर १९७९ च्या परिषदेने ३० मेगाहर्ट्झच्या वर ही अट माफ करण्याची मुभा राष्ट्रांना दिली. ३० मेगाहर्ट्झच्या खालील लघुलहरींसाठी मात्र अट कायम राहिली. यामागील तर्क लक्षात घेणे आवश्यक आहे. लघुलहरी वातावरणाच्या आयनांबरात परावर्तित होऊन हजारो किलोमीटर प्रवास करतात व परदेशी केंद्रांच्या कामात व्यत्यय आणू शकतात. उच्च वारंवारतेच्या लहरी सर्वसाधारणपणे स्थानिक क्षेत्रापुरत्या राहतात.

या सवलतीचा लाभ वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या गतीने घेतला. ब्रिटनने १९६४ मध्ये मोर्सविरहित 'ब' वर्गाचा परवाना सुरू केला. जपानने तर १९५० च्या दशकाच्या अखेरीसच केवळ ध्वनिसंभाषणासाठी मोर्सविरहित परवाना उपलब्ध केला. त्यात अल्प शक्तीच्या लघुलहरी प्रक्षेपणासही वाव होता. १९९० च्या दशकात जपानमधील परवानाधारक हौशी केंद्रांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. अमेरिकेतील वादात दोन्ही बाजूंनी जपानचे उदाहरण दिले जाई; एका बाजूस ते विस्ताराचे, तर दुसऱ्या बाजूस दर्जा सैल होण्याचे प्रतीक वाटे.

प्रोत्साहन परवाना : अटीचा बदललेला अर्थ

दुसऱ्या महायुद्धानंतर अटीचे मूळ कारण क्षीण झाले. हौशी चालकांमध्ये ध्वनिसंभाषण रूढ झाले होते. तथापि अट सैल होण्याऐवजी तिची श्रेणीबद्ध रचना झाली. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (यापुढे 'आयोग') १९५१ मध्ये परवान्यांची पुनर्रचना केली. तीनुसार नवशिक्यांच्या 'नोव्हिस' व 'टेक्निशियन' या वर्गांसाठी मिनिटाला ५ शब्द, 'जनरल' वर्गासाठी १३ शब्द आणि सर्वोच्च 'एक्स्ट्रा' वर्गासाठी २० शब्द असा वेग निश्चित झाला. शब्दाची लांबी पाच अक्षरांची धरली जाई.

१९५३ पासून जनरल वर्गाच्या चालकांना लघुलहरींवरील ध्वनिसंभाषणाचे सर्व पट्टे खुले झाले होते. परिणामी उच्च वर्गाची परीक्षा देण्याचे व्यावहारिक कारण उरले नाही. १९६३ मध्ये लीगने यावर उपाय सुचविला : पट्ट्यांचे काही भाग उच्च वर्गांसाठी राखून ठेवावेत, म्हणजे चालकांना अधिक शिकण्याची प्रेरणा मिळेल. आयोगाने १९६७ मध्ये ही कल्पना स्वीकारली आणि १९६८ व १९६९ अशा दोन टप्प्यांत तिची अंमलबजावणी झाली. ही योजना 'प्रोत्साहन परवाना' या नावाने ओळखली जाते.

ज्यांनी वर्षानुवर्षे विशिष्ट पट्ट्यांवर संभाषण केले होते, त्यांना तेथून अचानक बाहेर पडावे लागले. पुन्हा प्रवेश हवा असल्यास नवी परीक्षा द्यावी लागणार होती. त्यातही सर्वोच्च वर्गासाठी मिनिटाला २० शब्दांचा वेग गाठणे आवश्यक होते. हा निर्णय अनेकांना प्रोत्साहनापेक्षा शिक्षाच वाटला आणि लीगविषयीचा रोष पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. ऐतिहासिक दृष्ट्या येथे एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडलेले दिसते. १९१२ मध्ये सुरक्षिततेसाठी असलेली अट १९६८ पर्यंत प्रतिष्ठेची पायरी बनली होती. संकटसंदेश समजण्यासाठी २० शब्दांचा वेग लागत नाही. तो लागतो तो श्रेणी ठरविण्यासाठी.

तेरा शब्दांची भिंत

या वादातील कटुता समजण्यासाठी संकेत शिकण्याच्या प्रक्रियेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. १८९७ मध्ये विल्यम लोव ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तारयंत्रचालकांच्या शिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रहणाचा वेग काही काळ वाढतो, मग दीर्घकाळ एकाच पातळीवर थांबतो आणि नंतर पुन्हा वाढू लागतो, असे त्यांना आढळले. शिक्षणशास्त्रातील 'पठारावस्था' ही संकल्पना या अभ्यासाशी निगडित आहे.

हौशी चालकांचा अनुभव याच स्वरूपाचा होता. सुरुवातीस शिकणारा बिंदू व रेघा मोजतो, त्यांचा तक्ता मनात शोधतो आणि मग अक्षर लिहितो. या पद्धतीने ५ शब्दांचा वेग गाठता येतो; परंतु १० शब्दांच्या आसपास मन मागे पडू लागते. पुढे जाण्यासाठी मोजणे सोडून प्रत्येक अक्षर एक ध्वनी म्हणून ओळखण्याची सवय लावून घ्यावी लागते. जनरल वर्गाची १३ शब्दांची मर्यादा या पठाराच्या किंचित पलीकडे होती. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचे उत्तम ज्ञान असणारेही अनेक जण या चाचणीत अडखळत. उलट ज्यांचा कान तयार होता त्यांना ती सहज पार करता येई. उत्तीर्ण झालेल्यास ही साधना वाटे, अनुत्तीर्णास अडवणूक. दोघांच्याही भावना खऱ्या होत्या, कारण एकाच चाचणीचा दोघांना आलेला अनुभव भिन्न होता.

संकेतविरहित परवान्याचा संघर्ष (१९८३ ते १९९१)

१९७० च्या दशकात अमेरिकेत 'सिटिझन्स बँड' या अल्प शक्तीच्या रेडिओसेवेचा मोठा प्रसार झाला. या सेवेसाठी कोणतीही परीक्षा नव्हती. लाखो लोकांनी संच घेतले. नियमभंग, खोटी नावे व असभ्य भाषा यांच्या तक्रारी वाढल्या. हौशी चालकांच्या मनावर या अनुभवाचा खोल परिणाम झाला. मोर्सची अट गेली तर आपल्या पट्ट्यांचीही हीच अवस्था होईल, ही भीती त्यानंतरच्या प्रत्येक चर्चेत व्यक्त होत राहिली.

या पार्श्वभूमीवर आयोगाने १९८३ मध्ये मोर्सविरहित परवान्याचा प्रस्ताव मांडला. संगणकाच्या आगमनामुळे तंत्रकुशल तरुण हौशी रेडिओपासून दूर जात असून मोर्सची अट हे त्याचे एक कारण आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. लीगने व बहुसंख्य चालकांनी प्रस्तावास विरोध केला आणि तो मागे घेण्यात आला. येथे एक विलक्षण परिस्थिती दिसून येते. सामान्यतः शासन अटी लादते आणि नागरिक त्या सैल करण्याची मागणी करतात. या प्रकरणात शासन अट काढण्यास तयार होते आणि ती टिकविण्याचा आग्रह ज्यांच्यावर अट होती त्यांचाच होता. १९८४ पासून परीक्षा घेण्याचे कामही आयोगाच्या कार्यालयांकडून स्वयंसेवी हौशी परीक्षकांकडे आले. म्हणजे द्वाररक्षकाची भूमिका आता समूहाकडेच होती.

दशकाच्या अखेरीस लीगची भूमिका बदलली. नव्या सदस्यांचा ओघ मंदावला होता आणि वारंवारतापट्ट्यांवर व्यापारी सेवांचा दावा वाढत होता. सदस्यसंख्या घटली तर पट्टे राखणे कठीण जाईल, ही जाणीव निर्णायक ठरली. १४ फेब्रुवारी १९९१ पासून टेक्निशियन वर्गासाठी मोर्सची अट रद्द झाली. मात्र या परवान्यावर ३० मेगाहर्ट्झच्या वरील पट्टेच वापरता येत. पुढील काही वर्षांत परवानाधारकांची संख्या लक्षणीय वाढली. त्याचबरोबर 'संकेत जाणणारे' व 'संकेत न जाणणारे' असा एक सामाजिक भेद समूहात निर्माण झाला आणि नवागतांना तो प्रत्यक्ष संभाषणातही जाणवू लागला.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

अट टिकविण्याच्या बाजूने केलेल्या युक्तिवादांचे तीन गट करता येतात. पहिला गट तांत्रिक होता. मोर्स प्रक्षेपणास दीडशे-दोनशे हर्ट्झ इतकी अल्प पट्टारुंदी पुरते, तर एकपार्श्व ध्वनिसंभाषणास सुमारे अडीच ते तीन हजार हर्ट्झ लागतात. त्यामुळे क्षीण संदेशही गोंगाटातून कानाला वेगळा काढता येतो आणि अगदी साध्या संचावरही दूरचा संपर्क साधतो. दुसरा गट आपत्कालीन उपयुक्ततेचा होता. तिसरा गट शिस्तीचा होता : जो महिनोन्महिने सराव करून चाचणी उत्तीर्ण होतो, तो या सेवेची किंमत जाणतो व तिचे नियम पाळतो.

अट रद्द करण्याच्या बाजूचे उत्तरही तितकेच मुद्देसूद होते. मोर्स ही अनेक पद्धतींपैकी एक असून अन्य कोणत्याही पद्धतीची प्रात्यक्षिक चाचणी घेतली जात नाही. जहाजांवरील मोर्स सेवा संपुष्टात येत असून १ फेब्रुवारी १९९९ पासून सागरी संकटसंदेशांची उपग्रहाधारित जागतिक व्यवस्था पूर्णतः लागू झाली आहे. १९९८ च्या सुमारास पीटर मार्टिनेझ यांनी विकसित केलेली 'पीएसके ३१' ही संगणकाधारित पद्धतही अत्यल्प पट्टारुंदीत काम करते. श्रवणदोष असणाऱ्या व्यक्तींवर ही अट अन्याय करते. वैद्यकीय दाखल्यावर सवलत देण्याची तरतूद झाली, तरी त्यातून दाखल्यांच्या खरेपणाविषयी नवे संशय निर्माण झाले. शिस्तीच्या मुद्द्यावरील उत्तर सर्वांत मार्मिक होते : नियमभंगाबद्दल कारवाई झालेल्यांत मोर्सची चाचणी उत्तीर्ण झालेले चालकही होते. कानाची तयारी आणि वर्तनाची सचोटी यांचा संबंध जोडता येत नाही.

या वादाची विभागणी 'मोर्सप्रेमी विरुद्ध मोर्सद्वेष्टे' अशी करणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. अट रद्द व्हावी असे म्हणणाऱ्यांत दररोज मोर्स वापरणारे चालक होते. आवडीची गोष्ट सक्तीने शिकविल्यास तिच्याविषयी तिटकारा निर्माण होतो, असे त्यांचे मत होते. याउलट अटीचे समर्थन करणाऱ्या अनेकांनी परीक्षेनंतर मोर्सची कळ पुन्हा हाती घेतली नव्हती. त्यांच्या दृष्टीने मोर्सचा उपयोग गौण होता. आपण सोसलेले कष्ट नवागतानेही सोसावेत, ही समतेची त्यांची कल्पना होती. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये मोर्सच्या प्रसारासाठी स्थापन झालेला 'फिस्ट्स' मंडळासारखा प्रयत्न आणि १९९६ मध्ये चाचणी रद्द करण्यासाठी स्थापन झालेली 'नो कोड इंटरनॅशनल' ही संघटना, यांमधून दोन्ही प्रवाहांना संघटित रूप मिळाले.

अखेरचा टप्पा (१९९९ ते २००७)

३० डिसेंबर १९९९ रोजी आयोगाने दिलेल्या निर्णयानुसार १५ एप्रिल २००० पासून नव्या परवान्यांचे तीनच वर्ग राहिले आणि लघुलहरींसाठी मिनिटाला ५ शब्दांची एकच चाचणी ठेवण्यात आली. तेरा व वीस शब्दांच्या चाचण्या इतिहासजमा झाल्या. मोर्स हे संदेशवहनाच्या अनेक प्रकारांपैकी एक असून त्यावरील विशेष भर सेवेच्या तांत्रिक उद्दिष्टांशी सुसंगत नाही, असे आयोगाचे मत होते. ५ शब्दांची चाचणी ठेवली गेली ती प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय बंधनामुळे.

ते बंधनही लवकरच दूर झाले. हौशी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००१ मध्ये मोर्सची अट कायम ठेवण्याचा आग्रह सोडला होता. २००३ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने नियम २५.५ मध्ये बदल करून ही चाचणी घ्यावी की नाही, हा निर्णय प्रत्येक राष्ट्रावर सोपविला. ५ जुलै २००३ पासून हा बदल लागू झाला. स्वित्झर्लंड, ब्रिटन व जर्मनी यांनी काही आठवड्यांतच अट रद्द केली.

अमेरिकेत मात्र आणखी साडेतीन वर्षे लागली. आयोगाकडे परस्परविरोधी अशा १८ याचिका आल्या आणि त्यांवर हजारो अभिप्राय नोंदविले गेले. २००४ मध्ये लीगने मध्यममार्ग सुचविला : सर्वोच्च वर्गासाठी ५ शब्दांची चाचणी ठेवावी, अन्य वर्गांसाठी ती काढावी. या प्रस्तावाने दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही. अखेर डिसेंबर २००६ मध्ये आयोगाने सर्व वर्गांसाठी अट रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला आणि २३ फेब्रुवारी २००७ पासून तो अंमलात आला. १९१२ च्या कायद्यापासून चालत आलेली परंपरा ९५ वर्षांनी खंडित झाली.

यानंतर घडले ते दोन्ही बाजूंच्या भाकितांपेक्षा वेगळे होते. हौशी पट्ट्यांची दुर्दशा झाली नाही. तसेच मोर्सही लोप पावला नाही. २०१० मध्ये स्थापन झालेल्या 'सीडब्ल्यूऑप्स' या मंडळाने मोर्सचे विनामूल्य वर्ग सुरू केले आणि सक्ती नसतानाही ते शिकण्यासाठी लोक येऊ लागले. मोर्स स्पर्धाही भरत राहिल्या. २०१७ मध्ये नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर व त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांनी विकसित केलेल्या 'एफटी ८' या संगणकीय पद्धतीने क्षीण संदेश ग्रहण करण्यातील मोर्सचे तांत्रिक श्रेष्ठत्व कमी केले. परंतु तोवर मोर्सचे आकर्षण तांत्रिक उपयुक्ततेवर अवलंबून राहिलेले नव्हते.

भारतीय संदर्भ

अमेरिकेतील वाद समूहांतर्गत होता. भारतात मात्र परवान्याच्या प्रश्नास आरंभापासून राज्यसत्तेच्या सुरक्षाविषयक दृष्टिकोनाची चौकट होती. १९२१ मध्ये कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना हौशी प्रक्षेपणाचा परवाना मिळाला. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरविला. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी परवाने रद्द करण्यात आले. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईतून गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओने शासनाची ही भीती किती सार्थ होती, हे दाखवून दिले. उषा मेहता यांच्या या केंद्रास रेडिओतंत्राचे जाणकार नरिमन प्रिंटर यांचे साहाय्य लाभले होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते बंद पाडले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथील लष्करी सिग्नल विद्यालयात हौशी चालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९५४ मध्ये तिचे नाव 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' असे झाले. लष्कराच्या संदेशवहन शाखेशी असलेल्या या संबंधामुळे मोर्सच्या प्रावीण्यास भारतीय हौशी वर्तुळात स्वाभाविक प्रतिष्ठा होती. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी द्वितीय श्रेणीसाठी मिनिटाला ५ शब्द, तर प्रथम व प्रगत श्रेणींसाठी १२ शब्द असा वेग ठरविला. कालांतराने उच्च वारंवारतांपुरती मोर्सविरहित 'मर्यादित' श्रेणीही उपलब्ध झाली. मराठी वाचकास मोर्स परिचित होता तो तारघरातील कट्ट-कडकट्ट या आवाजातून; तो एक सरकारी व्यवसाय होता. हौशी चालकाने तीच विद्या पगाराच्या अपेक्षेशिवाय शिकावयाची होती.

भारतात मोर्सच्या चाचणीबरोबरच पोलीस चौकशी, परवान्याची दीर्घ प्रतीक्षा आणि आयात साहित्याची किंमत हेही अडथळे होते. त्यामुळे मोर्सची भिंत अनेक भिंतींपैकी एक होती आणि तिच्याविषयीचा रोष अमेरिकेइतका केंद्रित झाला नाही. तथापि अटीचा प्रत्यक्ष परिणाम गंभीर होता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे मोहिमेवर असलेल्या भारती प्रसाद यांनी लघुलहरींच्या साहाय्याने अंदमान-निकोबारचा मुख्य भूमीशी संपर्क राखण्यात महत्त्वाची भूमिका बजावली. अशा प्रसंगी लघुलहरींचा अधिकार असलेला चालकच उपयोगी पडतो आणि तो अधिकार भारतात मोर्सच्या चाचणीतूनच मिळत होता. परवानाधारकांची संख्या मुळातच अल्प असलेल्या देशात या अटीने आपत्कालीन सेवेची गुणवत्ता राखली की तिचा विस्तार रोखला, हा विचारणीय प्रश्न आहे. २००३ नंतरही भारताने अट तात्काळ सोडली नाही. २०१० च्या सुमारास श्रेणींची संख्या दोनवर आणताना सर्वसाधारण श्रेणीसाठी ८ शब्दांची चाचणी ठेवण्यात आली. दरम्यान ज्या विद्येतून ही अट जन्मली होती, त्या सार्वजनिक तारसेवेनेच जुलै २०१३ मध्ये भारतीयांचा निरोप घेतला.

निष्कर्ष

१. मोर्स संकेताची अट जवळपास शतकभर टिकली असली तरी तिचे प्रयोजन स्थिर नव्हते. सुरक्षितता, श्रेणीनिश्चिती, शिस्त आणि परंपरा अशी तिची समर्थने क्रमाने बदलत गेली. मूळ कारण नाहीसे झाल्यावर परीक्षा आपोआप संपत नाही. ती नवी कारणे शोधते.

२. अटीचे सर्वांत आग्रही रक्षक शासन नव्हते, तर ती पूर्ण करून आत आलेले सदस्य होते. प्रवेशासाठी सोसलेले कष्ट हेच प्रवेशाचे मूल्य मानले गेल्याने अट सैल करणे म्हणजे आपल्या कष्टांचे अवमूल्यन, अशी भावना निर्माण झाली.

३. मोर्सची चाचणी विशिष्ट कौशल्य अचूक मोजत होती. वाद निर्माण झाला तो त्या मोजमापावरून चारित्र्य, निष्ठा व तांत्रिक योग्यता यांविषयी अनुमान काढले गेल्यामुळे.

४. सक्ती संपल्यावर मोर्सचा वापर टिकून राहिला. एखाद्या विद्येचे जतन तिच्या अनिवार्यतेवर अवलंबून असते, हे गृहीतक या उदाहरणाने तरी सिद्ध होत नाही.

५. भारतासारख्या देशात परवान्याच्या अटींचा विचार समूहाच्या परंपरेइतकाच राज्यसत्तेच्या सुरक्षाविषयक धोरणाच्या संदर्भात करावा लागतो.

अनिवार्य विषय, पात्रता परीक्षा आणि किमान गुणांच्या अटी यांवर उच्च शिक्षणात सतत चर्चा होत असते. त्या चर्चेत एखादी अट किती जुनी आहे किंवा ती किती कठीण आहे, यापेक्षा ती आज नेमके काय मोजते, हा प्रश्न प्रथम विचारणे हितावह ठरेल. हौशी रेडिओचालकांना तो प्रश्न निर्णायकपणे विचारण्यास नव्वदहून अधिक वर्षे लागली.